स्टँडसमोरची खानावळ: जेवणाला पाच स्टार, गल्ल्याला दोन

आधी जेवणाचं सांगून टाकतो, कारण एकदा पैशाच्या विषयावर घसरलो की भाकरी बाजूलाच राहील. आमच्या तालुक्याच्या गावी, मराठवाड्यात, एसटी स्टँडच्या बरोबर समोर रसवंती आणि मोबाईल रिपेअरिंगच्या मधल्या बोळात ही खानावळ आहे. नाव मुद्दाम टाकत नाही. का ते पुढं वाचलं की कळेल, आणि गावच्या माणसाला नावाची गरजही नाही. सहा टेबलं, वर पत्रा, एक कूलर आहे जो फक्त आवाज करतो.

थाळी ९० रुपये. दोन ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, येसराची आमटी, ठेचा, कांदा, आणि मागितला तर मूठभर भात. ताक वेगळं, २० रुपये, पण तांब्याभर देतात. येसर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भाजलेल्या डाळी-धान्याची आणि खड्या मसाल्याची पूड असते, उन्हाळ्यात करून ठेवतात, आणि ती फोडणीच्या पाण्यात पडली की जो वास सुटतो त्यासाठी मी पुण्याहून सात तास बसचे धक्के खायला तयार आहे. इथली आमटी पातळ असते पण पाणचट नाही, वर लाल तवंग, आणि भाकरी कुस्करून टाकली की ती बरोबर अर्धी ओली अर्धी कोरडी राहते. ठेचा दगडी खलात कुटलेला. मिक्सरचा असता तर मी पहिल्याच घासाला ओळखला असता. मालकीणबाई आत चुलीवर भाकरी थापतात, बाहेर कोण आलं कोण गेलं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, फक्त "अजून एक घ्या की" असा आवाज तेवढा येतो. जेवणाला पाचपैकी पाच, त्यात चर्चा नाही.

आता गल्ला.

एप्रिलमधला रविवार. मी गावावरून पुण्याला निघालेलो. सकाळपासून लाईट नव्हती त्यामुळं फोन चार्ज झाला नाही आणि स्टँडवर पोचेपर्यंत मेला. बसचं रिझर्व्हेशन भावानं आधीच काढून प्रिंट हातात दिली होती म्हणून त्याची काळजी नव्हती. पाकिटात एटीएम कार्ड आणि एक वीसची नोट, ती पण मधोमध फाटून टेप लावलेली. आणि बॅगेत अर्धा किलोचा श्रीखंडाचा रिकामा डबा, म्हणजे रिकामा नाही, त्यात दहाची ५० नाणी.

ही नाणी आईची. तिच्याकडं दीडशेएक साठली होती. बचत गटातल्या बायका देतात, मुंबईचे पाहुणे जाताना पोरांच्या हातावर ठेवतात, आणि ही बाई कुणाला नाही म्हणत नाही. पण गावात पुढं कुणी घेत नाही. किराणावाला नाही, भाजीवाली नाही, रिक्षावाला तर बघून हसतो. पुण्यात मात्र डेअरीपासून भेळवाल्यापर्यंत सगळे निमूट घेतात, कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. तर आई म्हणाली, "तुझ्या पुण्यात चालतेत म्हणं, घेऊन जा आन मला नोटा पाठव." सगळी न्यायची तर ओझं, दहाचं एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, दीडशे म्हणजे किलोच्या वर. म्हणून ५० घेतली. लोक गावाहून तूर डाळ, शेंगदाणे नेतात, मी चलन निर्यात करत होतो.

जेवलो, ढेकर दिला, हात धुतले, गल्ल्यावर आलो. ११० झाले. डबा उघडून ११ नाणी मोजून काचेवर छान चवड लावली. मालकानं चवडीकडं बघितलं आणि एका बोटानं, नुसत्या नखानं, ती चवड माझ्याकडं सरकवली. हात पण लावला नाही. जणू काय मी मेलेला उंदीर ठेवला होता.

"हे नको साहेब, नोट द्या."

म्हटलं नोट ही एकच आहे. वीसची काढून दिली, की ही घ्या आणि वर ९ नाणी. त्यांनी नोट उजेडात धरली, टेप बघितली, परत दिली. "फोनपे करा." फोन बंद आहे. "मग समोर एटीएम आहे की." एटीएमवर कॅश नसल्याचा कागद लावलेला, ते मी येतानाच बघितलं होतं. मग त्यांनी अंगठ्यानं पाठीमागं दाखवलं. बालाजीच्या फोटोच्या खाली एक पुठ्ठा टांगलेला, स्केचपेननं लिहिलेला: "१० रु. चे नाणे बंद आहे. फाटकी नोट चालणार नाही. २००० ची नोट बंद. ऑनलाईन ५० च्या पुढे. उधार मागू नये."

माझी पहिली तक्रार तर हीच की हा पुठ्ठा गल्ल्याच्या मागं आहे, दारात नाही. म्हणजे भाकरी पोटात गेल्यावर कळतं की तुमचा पैसा इथं पैसा नाही. आणि हा फरक साधा नाही. दुकानात साबणाची वडी घ्यायच्या आधी दुकानदार म्हणाला की मला असे पैसे नको, तर तुम्ही वडी परत ठेवता, विषय संपतो, अजून सौदाच झालेला नसतो. खानावळीत उलटं आहे. मी जेवून बसलो, म्हणजे मी ११० रुपयांचा देणेकरी झालो, आणि लीगल टेंडर ही भानगड मुळात देणं फेडण्यासाठीच आहे. देणेकऱ्यानं कायद्यानं चालणारं चलन पुढं केलं, तर घेणारा "हे पैसेच नव्हेत" म्हणू शकत नाही. २०११ चा नाणे कायदा आहे, त्यात सरळ लिहिलंय की एक रुपया आणि त्याच्या वरची नाणी १००० रुपयांपर्यंतच्या रकमेला वैध चलन, फक्त ती खराब केलेली किंवा वजनाला झिजलेली नकोत. मी ११०० नाही, ११० देत होतो.

हे सगळं मी मालकांना सांगितलं. एवढ्या सुरात नाही, जरा चढ्याच आवाजात सांगितलं. त्यावर त्यांनी चवडीतलं एक नाणं उचललं (आता मात्र उचललं) आणि म्हणाले, "हे बघा, हेच्यावर रुपयाचं चिन्ह कुठंय? आन रेषा मोजा, पंधरा हायेत. खऱ्याला दहा असतेत. हे डुप्लिकेट."

या रेषांनी महाराष्ट्रात किती भांडणं लावली असतील देव जाणे. तर झालं असं की दहाचं दोन धातूंचं नाणं, पिवळी कड आणि आत पांढरा गोल, २००९ मध्ये लोकांच्या हातात आलं. तेव्हा ₹ हे चिन्हच जन्माला आलं नव्हतं, ते सरकारनं जुलै २०१० मध्ये ठरवलं आणि नाण्यांवर २०११ पासून आलं. मग २००९-१० च्या नाण्यावर ते कुठून असणार? त्या जुन्या नाण्यावर १० आकड्याच्या वर पंधरा रेषा होत्या, नव्या चिन्हाच्या नाण्यावर दहा आल्या. म्हणजे ज्याला मालक डुप्लिकेट म्हणत होते ते खरं तर थोरलं भावंड आहे. आणि मधेमधे कुणाची जयंती, कुठल्या संस्थेची शंभरी अशी स्मारक नाणी निघतात, ती पण तेवढीच खरी. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर सांगितलं की दहाच्या नाण्याची तोवर १४ डिझाइन्स निघालीत आणि चौदाच्या चौदा वैध आहेत. शिवाय १४४४० नंबर दिला, त्यावर फोन लावायचा, तो कट होतो आणि उलट फोन येऊन रेकॉर्ड केलेला आवाज तुम्हाला नाण्यांची माहिती सांगतो. मला नंबर तोंडपाठ होता. फोन मेलेला होता.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा एक पोरगा म्हणाला, "काका घ्या की, नायतर ह्यांनी केस टाकली तर राजद्रोह लागतंय तुम्हाला." हे पण एक व्हाट्सअपचं पीक. राजद्रोहाच्या जुन्या कलमात सरकारविरुद्ध द्वेष पसरवण्याचं होतं, चिल्लर नाकारण्याचं नाही. नाणं वितळवलं, मोडून टाकलं तर नाणे कायद्यात तुरुंग आहे, पण घेतलं नाही म्हणून अमुक इतकी शिक्षा असं त्या कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. आणि ते मालकांना बहुतेक माझ्याआधी माहीत होतं, कारण ते नुसते हसले.

मग त्यांनी जे बोललं त्यानं माझी हवा गेली. म्हणाले, "साहेब, मला माहितंय खरं हाय ते. पण मी घिऊन करू काय? दूधवाला घेईना, पिठाच्या गिरणीवाला घेईना, मोंढ्यात व्यापारी घेईना. बँकेत गेलो तर म्हणतेत मोजायला माणूस नाही. खरं असून उपेग काय?"

आता याला काय उत्तर देणार. माझ्याकडं कायदा होता, त्यांच्याकडं दूधवाला. बंदा रुपया म्हणतात तो गल्ल्यावर खण्ण वाजून उपयोग नाही, तो पुढच्या गल्ल्यावर पण वाजावा लागतो. आणि खरं सांगायचं तर मी तरी काय वेगळा आहे? आठाणे कायद्यानं आजपण चालू आहेत, चाराणे आणि त्याच्या खालचं सगळं ३० जून २०११ पासून बाद झालं, पण ५० पैसे नाही, १० रुपयांपर्यंतचं देणं तुम्ही आठाण्यांत फेडू शकता, म्हणजे वीस आठाणे टाकून चहा पिऊन यायचा. पण उद्या मेडिकलवाल्यानं मला आठाणे परत दिले तर मीच म्हणणार की काय चेष्टा लावलीय. ते आठाणे कुणी बंद केले? सरकारनं नाही. तुम्ही-मी केले, आणि त्याबद्दल कुणी कुणाला नोटीस पाठवली नाही.

तर घड्याळात दोन वीस झाले, बस दोन पस्तीसची, आणि मालक म्हणाले, "असं करा, बारा द्या आन जावा."

मला आधी कळलंच नाही. बारा म्हणजे १२ नाणी, १२० रुपयांची, ११० च्या बिलाला. म्हणजे दहाच्या नाण्याचा भाव सव्वानऊपेक्षा पण खाली. मी म्हटलं हे काय नवीन. तर म्हणाले बाजारच्या दिवशी एक माणूस येतो, शंभर रुपयांच्या नाण्याला नव्वदची नोट देतो आणि नाणी पोत्यात भरून कुठंतरी घेऊन जातो, जिथं चालतात तिथं. मी उभ्या उभ्या हिशेब केला: १२ नाण्यांचे त्यांना मिळणार १०८. म्हणजे हा माणूस मला लुबाडत नव्हता, उलट स्वतःच्या खिशातून २ रुपये सोडत होता. माझा गेला एक दहा, त्यांचे गेले दोन, आणि बारा रुपये कमावणार तो पोतंवाला, ज्याला मी बघितलं पण नाही.

याला आपल्याकडं जुना शब्द आहे, बट्टा. नावाला बट्टा लागतो म्हणतो ना आपण, तो मुळात नाण्याला लागायचा. पेशवाईत एकेका टांकसाळीचा रुपया वेगळा असायचा, चांदवडी काय, अंकुशी काय, आणि सराफ बघून, वाजवून, कसून बट्टा कापायचा. आणि आमच्या भागात तर हे अगदी परवापर्यंत होतं. कोपऱ्यात एक म्हातारबाबा ताक पीत बसले होते, पांढरी टोपी, सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "सस्त्यात सुटला पोरा. आमचा बाप सोलापूरला बाजाराला जायचा तर सात हाली देऊन सहा कलदार मिळायचे."

ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी: मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि निजामाचा स्वतःचा रुपया होता, हाली सिक्का, चारमिनारचं चित्र असलेला. शेजारी सोलापूर-नगर इंग्रजांकडं, तिथं इंग्रजांचा रुपया, त्याला आमच्याकडं कलदार म्हणायचे. दर सरकारी ठरलेला, ७ हालीला ६ कलदार. म्हणजे आमच्या गावच्या माणसाला पैसा एका ठिकाणी चालतो आणि पुढच्या जिल्ह्यात चालत नाही याचं काही नवल नाही, तीन पिढ्या आधीपासून सवय आहे. फक्त तेव्हा दोन राज्यं होती म्हणून, आता एकच राज्य, टांकसाळी पण एकाच सरकारच्या (आईच्या डब्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सालाच्या खाली पत्त्यातल्यासारखी बारीक चौकट आहे, ती मुंबईच्या टांकसाळीची खूण), आणि तरी तालुका बदलला की बट्टा. सातास सहा म्हणजे शेकडा १४ च्या वर कापले जायचे, माझे शेकडा आठ-साडेआठ कापले. म्हातारबाबा बरोबरच बोलले, स्वस्तात सुटलो.

दिली १२. तत्त्वाचा माणूस आहे मी, पण बस दोन पस्तीसची होती.

निघताना बालाजीच्या शेजारी अजून एक फ्रेम दिसली. हळदी-कुंकू लावलेली एक रुपयाची नोट, पहिल्या दिवसाची पहिली कमाई. आता गंमत बघा. बाकी सगळ्या नोटा रिझर्व्ह बँक काढते, त्यावर गव्हर्नरची सही आणि ते वचन असतं. एक रुपयाची नोट भारत सरकार काढतं, सही अर्थखात्याच्या सचिवाची, वचन-बिचन काही नाही, आणि नाणे कायद्यात नाण्याची जी व्याख्या आहे त्यात ही एक रुपयाची नोट नाणं म्हणूनच धरलेली आहे. म्हणजे ज्या गल्ल्यावर नाणं बंद, त्याच गल्ल्यावर कायद्यानं नाणं असलेल्या कागदाची रोज उदबत्ती ओवाळून पूजा चालू आहे. मी हे सांगायला तोंड उघडलं होतं पण कंडक्टरनं बेल मारली.

पुठ्ठ्यावरच्या बाकीच्या ओळींचा पण रिव्ह्यू करून टाकतो, परत कोण लिहिणार. २००० ची नोट: "बंद" हे चूक. मे २०२३ मध्ये ती चलनातून मागं घेतली, रद्द केली नाही, ती अजून लीगल टेंडर आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात ५०० आणि १००० चं झालं ते वेगळं, त्या त्या रात्रीपासून कागद झाल्या. पण २००० ची आता साध्या बँकेत बदलून मिळत नाही, रिझर्व्ह बँकेच्या ठराविक ऑफिसात न्यावी लागते, आपल्याकडं मुंबई, बेलापूर, नागपूर, किंवा पोस्टानं पाठवायची. त्यामुळं मालकांनी घेतली नाही तर मी काही बोलणार नाही, ९० च्या थाळीसाठी माणसानं नागपूर गाठावं असं मला वाटत नाही.

फाटकी नोट: इथं मालकांची बाजू थोडी खरी आहे, दोन तुकडे झालेली नोट दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नसते. पण लोक अशा नोटा फेकून देतात किंवा कमिशनवाल्याला विकतात ते चूक. कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत, खातं असो-नसो, बदलून मिळते. वीस आणि त्याच्या खालच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा तुकडा हातात असला तरी पूर्ण पैसे. ५० आणि वरच्या नोटांना हिशेब वेगळा, ८० टक्क्यांहून जास्त भाग असेल तर पूर्ण, ४० ते ८० असेल तर निम्मे. माझी टेपवाली वीस पुण्यात गेल्यावर बँकेत दिली, कॅशियर बाईंनी वर बघितलं पण नाही, नवी हिरवी नोट सरकवली. दोन मिनिटांचं काम.

आणि ऑनलाईन. ५० च्या पुढे का, ते मला कळलं नाही, यूपीआयला दुकानदाराला चार्ज पडत नाही. पण ठीक आहे, इथं मात्र मालकाची मर्जी चालते, कारण ऐका: यूपीआय हे लीगल टेंडर नाहीच. नाणे कायद्यातच लिहिलंय की क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड, पोस्टल ऑर्डर, ई-मनी यातलं काही नाणं नव्हे. म्हणजे तो खोका, जो दर दोन मिनिटांनी "नव्वद रुपये प्राप्त झाले" असं ओरडतो आणि ज्याच्यावर गावातला प्रत्येक माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो, तो जे घेतो ते कायद्याच्या भाषेत चलन नाही, बँकेतल्या पैशाची इकडून तिकडं पाठवणी आहे. आणि माझ्या डब्यातलं, अशोकस्तंभ ठोकलेलं, पावणेआठ ग्रॅमचं, ते चलन आहे आणि ते नखानं सरकवलं जातं. अजून एक सांगतो, डिजिटल रुपया म्हणून एक चीज आहे, रिझर्व्ह बँकेनं १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी प्रयोग म्हणून चालू केली, २०२२ मध्ये कायदा बदलून नोटेच्या व्याख्येत डिजिटल रूप घातलंय त्यामुळं ती मात्र पक्की लीगल टेंडर. पुढच्या खेपेला मुद्दाम मालकांना विचारलं. म्हणाले, "ते कोणतं ॲप हाय?"

हो, पुढच्या खेपेला परत गेलोच. त्या आमटीसाठी माणूस जातोच. त्या वेळी म्हटलं आईची उरलेली नाणी इथंच बँकेत भरून टाकू, कशाला पुण्याला वाहायची. गावातली एक शाखा, नाव नको, आईचं खातं तिथंच. कॅशियर म्हणाले गर्दी आहे. थांबलो. गर्दी गेली, म्हणाले मोजायला माणूस नाही. मी म्हटलं मीच मोजून आणलीत, शंभर-शंभरच्या प्लॅस्टिक पिशवीत भरा असं रिझर्व्ह बँकेचंच म्हणणं आहे, ही घ्या शंभरची पिशवी, वाटलं तर वजन करा. साहेबांकडं पाठवलं. साहेब गोड बोलले, चहा विचारला, आणि म्हणाले, "बाजारचा दिवस सोडून सोमवारी या." कुठल्याही शाखेनं नाणी नाकारायची नाहीत हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ग्राहकानं किती नाणी भरावीत याला मर्यादा पण घातलेली नाही. नाकारलं तर आधी बँकेकडं लेखी तक्रार, दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. मला सगळं माहीत आहे. तक्रार टाकतो टाकतो करत तीन महिने झाले, अजून टाकली नाही. बघा, मालकांना मी काय तोंडानं बोलणार. साखळी इथंच तुटते, बँकेच्या खिडकीत, आणि तिचा झटका गल्ल्यावर बसलेल्या माणसाला आणि श्रीखंडाच्या डब्यावाल्या बाईला बसतो.

मार्क: चव पाच, स्वच्छता साडेतीन (हात धुवायची टाकी बघू नका), वागणूक चार, पैसे घेण्याची सोय दोन. त्यातला एक मार्क पण मिळाला नसता, पण दोन रुपये सोडले त्यांनी ते विसरत नाही. पुठ्ठा तेवढा दारात लावा असं सांगितलं, हो म्हणाले, अजून बालाजीखालीच आहे.

जाणार असाल तर साडेबाराच्या आत जा, एकनंतर वांगं संपतं आणि मग बटाटा देतात. मंगळवारी बंद. दहाच्या नोटा जवळ ठेवा, फोन चार्ज करून जा. आणि आईकडं अजून शंभर नाणी तशीच पडून आहेत, बॅगेत पाऊण किलोची जागा असलेलं कुणी पुण्याला जाणार असेल तर सांगा.